बर काढणारे हात ‘अकुशल’ कोणी ठरवले?

“कारखान्यात जात नसते, तिथे फक्त कौशल्य बघतात.” हे वाक्य मी अभियांत्रिकीच्या वर्गात ऐकले, मुलाखतीत ऐकले, आता कॅन्टीनमध्ये ऐकतो. मी घरातला पहिला पदवीधर. पोलादी पाईप बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. तेव्हा हे वाक्य पाईपवरच तपासून पाहू.

पोलादाची पट्टी रोलमधून वळत वळत गोल होते. विजेने तिच्या दोन्ही कडा तापतात, रोल त्या एकमेकींवर दाबतात आणि जोड बसतो. दाबताना तापलेला धातू आत-बाहेर उसळतो. बाहेरची रेघ लाईनवरचे कार्बाइडचे पाते ताशीत जाते. याला स्कार्फिंग म्हणतात. इथवर मशीन आहे, पॅनेल आहे, कायम ऑपरेटर आहे. मग करवत पाईप कापते आणि टोकाला ब्लेडसारखी बर उरते. मोठ्या कारखान्यांत तीही मशीन काढते. लहान कारखान्यांत तिथे माणूस उभा असतो. हातात कानस किंवा ग्राइंडर, हुद्दा हेल्पर, नाव ठेकेदाराच्या वहीत.

ही बर राहिली तर पाईपमधून ओढताना वायरचे आवरण सोलले जाते, खुर्ची उचलणाऱ्याचा हात कापतो. जास्त घासली तर कड पातळ होते आणि पाईप भंगारात जातो. कुठे थांबायचे हे बोटांना कळावे लागते आणि ते एका दिवसात येत नाही. तरीही कागदावर हे काम ‘अकुशल’, म्हणजे किमान वेतनाचा सर्वात खालचा दर.

मी पाहिलेल्या तीन कारखान्यांत या टेबलावर कोण होते? आपल्या वस्त्यांतली मुले आणि झारखंड-ओडिशातून आलेली दलित-आदिवासी मुले. पॅनेलवर त्यांच्यातला एकही नव्हता. यासाठी कुठे पाटी लावावी लागत नाही. ऑपरेटर आपल्या पुतण्याला हाताखाली घेतो, ठेकेदार वस्तीतून गाडी भरून आणतो. पुतण्या दोन वर्षांत ऑपरेटर होतो, हेल्पर दहा वर्षांनीही हेल्परच.

हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जात म्हणजे केवळ कामाची वाटणी, हा युक्तिवाद १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी खोडून काढला. आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही, ‘अकुशल’ म्हणतात.

आणि या कामाची किंमत शरीर मोजते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. ठिणगीबरोबर उडालेला कण डोळ्यात रुततो, आवाजाने कान जातात, थरथरीने बोटे बधिर होतात. डोळ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने, कलम ३५ नुसार, कारखान्यावर टाकली. मी पाहिलेला गॉगल मात्र ऑडिटच्या दिवशीच कपाटातून निघायचा.

मित्रांनो, आता आपल्याविषयी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ असते: सर्व बर आणि धारदार कडा काढाव्यात. बाकी प्रत्येक कामाला मिनिटे आणि दर असतात; या ओळीला बहुतेकदा काहीच नसते. ती ओळ लिहिणारे, तपासणारे, पाईप नाकारून हेल्परची मजुरी कापायला लावणारे यांत आता आपणही आहोत. “आपण शिकलो, सुटलो” म्हणून त्या टेबलाकडे पाठ फिरवली, तर आपली पदवी त्याच उतरंडीची एक पायरी होईल.

आपल्या हातात बरेच आहे. बर काढण्याचा वेळ प्रक्रिया-पत्रकात लिहा, म्हणजे तिचा मोबदला मागता येईल. गॉगल, कानाचे प्लग आणि धूळ ओढणारा पंखा यांची मागणी लेखी करा, तोंडी सांगितलेले विसरले जाते. हेल्परचे नाव मशीनच्या प्रशिक्षणासाठी पाठवा. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. तुमच्या कारखान्यात त्या कोणाला मिळाल्या, हे विचारा.

प्रश्न विचारलात तर साहेब म्हणतील, “इथे जात आणू नका.” त्यांना हजेरीपत्रक दाखवा. जात तिथे आपल्या आधीच कामाला लागली आहे.