ऐंशी प्रश्न, ऐंशी जागा



पाचवीच्या वर्गात ‘नवोदय’ हा शब्द सारखा कानावर येतो. कुणी म्हणतं, तिथे फक्त पहिल्या नंबरची मुलं जातात. कुणी म्हणतं, महागडा क्लास लावल्याशिवाय निवड होतच नाही. कुणी हळूच कानात सांगतं, वशिला लागतो! ऐकणारं पोर बिचारं परीक्षेआधीच निम्मं गळून जातं. म्हणून आज आपण हा प्रवेश कसा होतो, तेच नीट समजून घेऊ. एकदा रस्ता कळला की भीती आपोआप कमी होते.

आधी शाळेची ओळख. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. मुलं-मुली तिथेच राहतात, तिथेच जेवतात आणि तिथेच शिकतात. 1985-86 मध्ये देशात अशा पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला! आज देशभरात साडेसहाशेहून जास्त नवोदय विद्यालयं आहेत. खेड्यापाड्यातल्या गुणी मुलांना पैशांवाचून चांगलं शिक्षण मिळावं, हा या शाळांमागचा विचार. राहणं, जेवण, गणवेश आणि पुस्तकं मोफत असतात. नववीपासून काही मुलांना दरमहा विद्यालय विकास निधी भरावा लागतो. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तोही माफ असतो.

सहावीत प्रवेश हवा असेल, तर पाचवीत असतानाच परीक्षा द्यायची. अट अशी, की ज्या जिल्ह्यातल्या नवोदयसाठी अर्ज करायचा, त्याच जिल्ह्यात तुम्ही राहत असला पाहिजेत आणि पाचवीही तिथल्याच मान्यताप्राप्त शाळेत शिकत असला पाहिजेत. शेजारच्या जिल्ह्यातली शाळा घरापासून जवळ असली, तरी चालत नाही. वयाचीही अट असते. कोणत्या तारखांच्या दरम्यान जन्म झालेला हवा, ते दरवर्षीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याला एक पैसाही फी नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र मात्र जोडावं लागतं.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ‘यंदा नाही जमलं, पुढच्या वर्षी बघू’ असं इथे नाही.

आता परीक्षेकडे वळू. वेळ दोन तास, प्रश्न 80, गुण 100. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. त्यात तीन भाग असतात. बुद्धिमत्ता चाचणीचे 40 प्रश्न, 50 गुण. अंकगणिताचे 20 प्रश्न, 25 गुण. भाषेचे 20 प्रश्न, 25 गुण. परीक्षा मराठीतून देता येते. अर्ज भरताना तसं लिहायचं.

भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. पाठांतर इथे उपयोगाचं नाही. उतारा समजला पाहिजे. अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ, असं सगळं आपल्या ओळखीचंच असतं.

बुद्धिमत्ता चाचणीत मात्र बहुतेक नुसत्या आकृत्या असतात. गटात न बसणारी आकृती कोणती? मालिकेतली पुढची आकृती कोणती? आरशात ही आकृती कशी दिसेल? कागदाला घडी घालून भोक पाडलं आणि घडी उलगडली, तर काय दिसेल?

हे शिकायला दहा पुस्तकं लागत नाहीत. एक चौकोनी कागद घ्या. त्याची आधी उभी अर्धी घडी घाला, मग आडवी. घडीच्या कडेपासून थोडं दूर एकच भोक पाडा. आता उलगडण्याआधी वहीत काढा, भोकं किती आणि कुठे असतील? मग कागद उलगडून बघा. चार भोकं दिसतील. पण ती कोणत्या जागी आहेत, हे आधी ओळखता आलं का, ते महत्त्वाचं! तसंच काट्यांच्या घड्याळात तीन वाजले की ते आरशासमोर धरा. आरशात नऊ वाजलेले दिसतील. आठ वाजता काय दिसेल, ते डोक्यात आणा आणि मग पडताळून पाहा. निम्मे गुण या भागाला आहेत. ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही, त्या घरातलं मूलही नीट बघून, विचार करून हे प्रश्न सोडवू शकतं.

दोन तासांत 80 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एखादं गणित अडलं तर त्याच्याशी भांडत बसू नका, पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तराचा गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायचा, पेन्सिल चालत नाही. खोडाखोडही चालत नाही, म्हणून आधी प्रश्नाचा क्रमांक बघा आणि मगच गोल रंगवा. प्रश्न सोडवायची घाई एक वेळ चालेल, गोल भरायची घाई नको.

आता खरी गोष्ट येते ती निवड यादीची. वर्गात मुली मला विचारतात, “बाई, तिला माझ्यापेक्षा कमी गुण असतील तरी तिचा नंबर कसा लागेल?” प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका हिशोबात आहे.

एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या निदान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. ग्रामीण कोण? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण केली तो. त्यातला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी तो शहरी धरला जातो. शिवाय एकूण जागांपैकी एक तृतीयांश, म्हणजे साधारण 27 जागा मुलींच्या. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांसाठीही जागा राखलेल्या असतात. आता या सगळ्यांची बेरीज करायला जाल, तर 80 च्या पुढे जाल! कारण हे डबे वेगवेगळे नाहीत, एकमेकांत मिसळलेले आहेत. खेड्यातली एखादी आदिवासी मुलगी एकाच वेळी तीन ठिकाणी मोजली जाते.

म्हणजे सगळ्यांची एकच रांग लागत नाही. एका मुलाच्या घरी आई-बाबा अभ्यास घेतात, गल्लीत क्लास आहे, कपाटात सरावाची पुस्तकं आहेत. दुसरी मुलगी दोन मैल चालून शाळेत येते आणि तिथे दोन वर्ग मिळून एकच गुरुजी. दोघांना सारखे गुण पडले, तर कुणाची धाव मोठी? जागा राखून ठेवताना हाच विचार केलेला असतो. शहरातला मुलगा कमी हुशार, असा त्याचा अर्थ नाही. आणि गावातल्या मुलीला कुणी भीक घातली, असाही नाही.

मग ज्यांचं नाव यादीत येत नाही त्यांचं काय? देशभरातून लाखो मुलं ही परीक्षा देतात आणि तुमच्या जिल्ह्याच्या शाळेत जागा फक्त 80. त्यामुळे खूप चांगली मुलंही बाहेर राहणारच. या परीक्षेत पास-नापास असं काही नसतं. निवड झाली किंवा झाली नाही, एवढंच. घडीच्या कागदातली भोकं ओळखायला शिकलेलं डोकं काही यादीबरोबर परत जात नाही, ते तुमच्याजवळच राहतं. निवड झालेल्या मुलांपैकी कुणी गेलं नाही, तर प्रतीक्षा यादीतल्यांना बोलावतात. शिवाय नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. ती आठवीत असताना देता येते.

आता थोडं पालकांशी.

आई-बाबांनो, हा अर्ज म्हणजे नुसता परीक्षेचा अर्ज नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घर सोडून वसतिगृहात जाणार, याचा तो अर्ज आहे. पहाटे उठवायला आई नाही, ताप आला तर उशाशी आजी नाही, भेटायचे दिवस ठरलेले. नववीत गेल्यावर काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. मुलांनी एकमेकांचा देश ओळखावा म्हणून ही पद्धत आहे आणि पुष्कळ मुलं त्यातून छान तयार होतात. पण हे सगळं मुलाला निकाल लागल्यावर सांगायचं नसतं, अर्ज भरण्याआधी सांगायचं असतं. सांगा आणि मग विचारा, “तुला जायचंय का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर रागावू नका. आत्ता मनावर ओझं घेऊन गेलेलं मूल तिथे रमत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच्या मागे उभे राहा.

आणखी एक विनंती. मुलगा ग्रामीण दिसावा म्हणून खोटे दाखले काढू नका. कागदपत्रं तपासली जातात आणि माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होतो. त्याहून वाईट म्हणजे आपल्या आई-बाबांनी खोटं लिहिलं, हे त्या मुलाला कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ दोघांनाही आहे. मुलांनो, कागदाच्या तीन घड्या घाला, एक भोक पाडा आणि किती भोकं होतील ते उलगडण्याआधी लिहा. आई-बाबांनो, रात्री जेवताना वरचा प्रश्न मुलाला विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

तुमच्या बाई