नामिबच्या किनाऱ्यानें

समुद्राच्या अगदीं कांठाशीं वाळवंट असावें ही गोष्ट आपल्याकडील माणसास सहजासहजीं पटत नाहीं. आपल्याकडे समुद्र म्हटला कीं त्याच्या मागोमाग माड, पोफळी, भातखाचरें आणि चार महिने छपरावर कोसळणारा पाऊस हीं आलींच. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस मात्र नामिबिया देशाचा साडेपंधराशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा असा आहे कीं, तेथें एका बाजूस अथांग पाणी, दुसऱ्या बाजूस अथांग वाळू, आणि या दोहोंच्या मध्यें हिरवें असें कांहींच नाहीं.

याचें कारण शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. निदान आमच्या सौ.च्या वर्गांतील मुलांना तरी असे. सत्तावीस वर्षें त्यांनीं कल्याणच्या एका शाळेंत भूगोल शिकविला, आणि दरवर्षीं फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून बेंग्वेला प्रवाहाचा निळा बाण दाखविला. हा प्रवाह दक्षिणेकडून थंडगार पाणी घेऊन येतो. त्यावरील हवा थंड राहते; ती वर चढत नाहीं, म्हणून ढग साचत नाहींत व पाऊस पडत नाहीं. पडतें तें केवळ धुकें. आपल्या उबदार सिंधुसागरावरून येणारा वारा सह्याद्रीवर आदळून जें करतो त्याच्या नेमकें उलट. निवृत्तीनंतर घरांत सर्वांनीं त्यांना काय हवें तें विचारलें, तेव्हां दागिना नको, यात्रा नको, "तो निळा बाण एकदां डोळ्यांनीं पाहूं द्या," एवढेंच त्या म्हणाल्या. शहाडसारख्या, उल्हास नदीच्या कांठच्या गांवांतून उठून पाणी नसलेला मुलूख पाहावयास जाण्यांत शहाणपण तें कोणतें, असें आमच्या वहिनींनीं विचारलें खरें. परंतु सासूबाईंची पंधरा दिवसांची जबाबदारीहि आपण होऊन त्यांनींच पत्करली, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

विंडहुक या राजधानींत भाड्याची मोटार घेतली. तेथें आपल्यासारखीच डाव्या बाजूनें वाहनें चालतात, त्यामुळें आम्ही उभयतां आळीपाळीनें चालवूं शकलों. समुद्रापर्यंत साडेतीनशें किलोमीटर उत्तम डांबरी सडक आहे. स्वाकोपमुंड जवळ आलें तशी एकाएकीं हवा थंड झाली, सूर्य मळकट झाला आणि कांचेवर बारीक थेंब जमूं लागले. सौ.नीं मोटार थांबविली, खालीं उतरल्या आणि कांहीं न बोलतां पांच मिनिटें त्या धुक्यांत उभ्या राहिल्या. आम्हीं हांक मारली नाहीं.

या गांवीं वर्षांत वीस मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं. आपल्याकडे श्रावणांतील एखाद्या दुपारीं तेवढा पडून जातो. तरी सृष्टि तेथें जगते, आणि ती कशी जगते हें पाहण्यासारखें आहे. एक काळा भुंगेरा धुक्याच्या वेळीं वाळूच्या माथ्यावर चढतो, डोकें खालीं व पाठ वर करून उभा राहतो, आणि पाठीवर जमलेलें पाणी ओघळून तोंडाशीं आलें कीं पितो. वेल्वित्शिया नांवाची वनस्पति तर सबंध आयुष्यांत दोनच पानें धरते. तींच वाढतात, फाटतात, वाऱ्यानें पिंजून जातात. कांहीं झाडांचें वय हजार वर्षांहून अधिक मानतात. जमिनीवर टाकलेल्या जुन्या फाटक्या चटईसारखें तें झाड दिसतें, सुंदर मुळींच नाहीं. सौ. त्याच्याजवळ अर्धा तास बसल्या.

स्वाकोपमुंडच्या उत्तरेस समुद्रालगत जी सडक जाते तिचा कांहीं भाग मिठाचा. जिप्समच्या मातीवर खारें पाणी शिंपडून अशी सडक दाबलेली असते. वाळली कीं डांबराइतकी कठीण, आणि धुक्यांत भिजली कीं शेवाळलेल्या घाटाप्रमाणें निसरडी. या वाटेवर वाळूंत रुतलेलें झैला नांवाचें मासेमारीचें जहाज दिसतें. तें भंगार म्हणून एका भारतीय व्यापाऱ्यास विकलेलें होतें. मुंबईकडे ओढून नेतांना दोर सुटला व 2008 सालीं तें येथें येऊन पडलें. आतां त्याच्या डोलकाठ्यांवर पाणकावळ्यांची वस्ती आहे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं देशाच्या दक्षिण टोंकास ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणींत वाळू उपसतांना दुसरें एक जहाज निघालें. तें 1533 सालीं लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेलें ‘बोम जेझुस’ असावें असें तज्ज्ञ मानतात. त्यांत दोन हजारांहून अधिक सोन्याचीं नाणीं, शंभरावर हस्तिदंत आणि कित्येक टन तांब्याचे गोळे होते. अशा जहाजांवरचें तांबें म्हणजे मलबारच्या मिऱ्यांची किंमत. तीनच वर्षांपूर्वीं, 1530 सालीं, गोवें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झालें होतें. पांचशें वर्षांच्या अंतरानें आपल्या किनाऱ्याकडे निघालेलीं दोन जहाजें एकाच वाळूनें गिळलीं. खाणीच्या मुलुखांत परवान्याशिवाय प्रवेश नसल्यामुळें तें दुसरें स्थळ आम्हांस पाहतां आलें नाहीं.

केप क्रॉस येथें 1486 सालीं दियोगु कांव या पोर्तुगीज खलाशानें क्रूस रोवला. त्यानंतर बारा वर्षांनीं वास्को द गामा कालिकतास पोंचला. आज तेथें सीलांची प्रचंड वसाहत आहे. तिच्या दुर्गंधीविषयीं न लिहिणेंच बरें. हें मासिक जेवणाच्या वेळींहि वाचलें जातें.

परत येतांना स्वाकोपमुंडची स्मशानभूमि पाहिली. हें गांव जर्मनांनीं 1892 सालीं वसविलें. त्यांचीं थडगीं सुबक, फुलझाडांनीं वेढलेलीं. त्यांच्यापलीकडे उघड्या वाळूंत लहान लहान उंचवटे दूरवर पसरलेले आहेत, त्यांवर नांवें नाहींत. 1904 सालीं हेरेरो लोकांनीं जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षाच्या 2 ऑक्टोबरला सेनापति फॉन ट्रोथा यानें हुकूम काढला कीं, मुलुखांत दिसेल तो हेरेरो गोळी घालून मारावा. जे वांचले त्यांस, आणि पुढें नामा लोकांसहि, छावण्यांत कोंडलें. मिशनऱ्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, या लोकांस अन्न म्हणून कच्चे तांदूळ देत. ज्यांनीं तांदूळ कधीं खाल्ला नव्हता त्यांस तो, आणि शिजविण्याची सोय नाहीं. हें आम्हीं सायंकाळीं खोलींत वाचून दाखविलें. सौ. ऐकत होत्या, बोलल्या नाहींत.

वॉल्विस उपसागराच्या दक्षिणेस किनाऱ्यानें जातां येत नाहीं. वाळूचे डोंगर थेट समुद्रांत उतरलेले आहेत. म्हणून आंतल्या मुलुखांतून खडीच्या वाटेनें दोन दिवस वळसा घ्यावा लागतो. या वाटेवर आमचें एक चाक फुटलें. बदलण्यास पाऊण तास लागला. तेवढ्या वेळांत एकच मोटार आली. ती थांबली, पाणी हवें का म्हणून विचारलें, आणि मगच पुढें गेली. औस गांवापासून पुन्हां डांबरी सडक लागली व संध्याकाळच्या सुमारास ल्यूडरिट्झ आलें.

तेथें आमची राहण्याची जागा शार्क बेटावर होती. बेट आतां जमिनीस जोडलेलें आहे. खडकाळ भूशिर, तिन्हीं बाजूंस समुद्र, दीपगृह, आणि प्रवाशांनीं तंबू ठोकून स्वयंपाक करावा यासाठीं आखलेल्या जागा. आणि याच खडकावर 1905 ते 1907 या काळांत छावणी होती. येथें हजारांवर हेरेरो व नामा माणसें, बायका-मुलें धरून, थंडीनें, उपासमारीनें व कामानें मेलीं. कित्येकांच्या मतें ही संख्या तीन हजारांच्या घरांत जाते. नामांचा पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स 1907 च्या फेब्रुवारींत येथेंच मेला. त्याच्या नांवाचा दगड तेथें आहे. तो वाचून सौ. मोटारीकडे परत आल्या. वारा असा होता कीं बोललेलें ऐकूं येईना.

"अहो, येथें चूल पेटवायची नाहीं," त्या म्हणाल्या.

"अग, भाडें दिलेलें आहे, तें परत मिळायचें नाहीं. आणि या वाऱ्यांत दुसरी जागा शोधायची कोठें?"

"भाडें जाऊं द्या. परवां तुम्हीच वाचून दाखविलेंत ना, कच्चे तांदूळ देत म्हणून? माझ्या हातांत तांदळाचीच पिशवी आहे. मला हें जमणार नाहीं."

आम्ही म्हणालों कीं, जेथें जेथें माणसें मेलीं तेथें जेवावयाचें नाहीं असें ठरविलें तर पृथ्वीवर पान मांडावयास जागा उरणार नाहीं. पानिपतावर आजहि गहूं पिकतो.

"पिकूं द्या. पिकलाच पाहिजे. पण तेथें कोणी सुटी घालवायला तंबू ठोकत नाहीं."

शेजारीं एक कुटुंब विस्तव पेटवून बसलें होतें, मुलें दगडांवर उड्या मारीत होतीं. त्यांचा त्यांत कांहीं अपराध होता असें आम्हांस वाटत नाहीं, आणि आमचा युक्तिवादहि आम्हांस खोटा वाटत नाहीं. परंतु चौतीस वर्षांच्या संसारांत सौ.नीं स्वयंपाकास नकार दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आम्हीं मोटार वळविली. गांवांत एका वृद्ध बाईंच्या घरीं खोली मिळाली. त्यांनीं आपलें स्वयंपाकघर मोकळें करून दिलें. त्या रात्रीं आम्हीं मेतकूट-भात खाल्ला, उरलेले तांदूळ सौ.नीं त्या बाईंस दिले आणि मऊ भात कसा करावा हें खुणांनीं शिकविलें. भाडें बुडालें. शहाडास परतल्यावर हिशेब ठेवणारे आमचे धाकटे बंधु म्हणाले कीं, मेलेल्यांना याचा काय उपयोग? वहिनी म्हणाल्या, "मीहि तेंच केलें असतें." घरांत अद्याप दोन मतें आहेत.

जर्मनीनें 2021 सालीं या हत्याकांडास वंशसंहार म्हणून मान्यता दिली. नामिबियानें 28 मे हा स्मरणदिन ठरविला व 2025 सालीं तो प्रथम पाळला. भरपाईचा वाद मात्र चालूच आहे.

ल्यूडरिट्झहून दहा किलोमीटरांवर कोलमान्सकोप आहे. 1908 सालीं झकारियास लेवाला नांवाच्या रेल्वेमजुरास येथें हिरा सांपडला. श्रीमंत झाले ते इतर. पन्नास वर्षांच्या आंत गांव सोडून देण्यांत आलें. आतां घरांच्या खोल्याखोल्यांत कमरेइतकी वाळू आहे, आणि कांहीं भिंतींवरचा रंग अजून ताजा दिसतो.

ज्या वाचकांस जाण्याचा विचार असेल त्यांनीं दोन जादा चाकें मागून घ्यावीं, खडीच्या वाटेवर चाकांतील हवा थोडी कमी करावी व ताशीं ऐंशी किलोमीटरांहून अधिक वेग घेऊं नये. पाणी माणशीं दररोज पांच लिटर तरी मोटारींत असावें. शाकाहारी मंडळींनीं भाजणी व मेतकूट येथूनच न्यावें. आणि मुक्काम सूर्यास्तापूर्वीं गांठावा. अंधार पडल्यावर कुडू नांवाचीं घोड्याएवढीं हरणें सडकेवर येतात.