गोष्ट आणि तात्पर्य

मार्क ट्वेन मोठा खट्याळ माणूस. ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीच्या दारावरच त्याने नोटीस लावून ठेवली आहे. या कथेत तात्पर्य शोधणाऱ्याला हद्दपार केले जाईल, अशा अर्थाची. २००८ साली अमेरिकेतल्या ‘व्हेजीटेल्स’ या मुलांच्या कार्टूनमालिकेने ही नोटीस खुशाल फाडून टाकली. बॉब नावाचा टोमॅटो, लॅरी नावाची काकडी, मिसिसिपी नदी आणि शेवटी धडा : इतरांना मदत करावी. फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी या दोघांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत हातपाय नसलेल्या भाज्या गोष्ट सांगतात आणि ओट्यावरचा एक संगणक बायबलातले वचन दाखवतो. असली चित्रे आता आमच्या भूगावातल्या पोरांच्याही हातातल्या मोबाइलवर येतात. मग आया-आजोबांत कुजबुज सुरू होते, हे बघू द्यावे का? धर्म शिकवतायत की हो!

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मूळ कादंबरीतला हक हा बेवारशासारखा वाढलेला, रविवारच्या धर्मशाळेला कंटाळणारा पोरगा. जिम हा पळालेला गुलाम. त्याची मालकीण मिस वॉटसन हीच हकला देवाधर्माचे धडे देणारी बाई. नदीवर तराफ्यातून जाताना हकला शिकवणीप्रमाणे पश्चात्ताप होतो, कारण दुसऱ्याचा गुलाम पळवणे म्हणजे चोरी आणि चोरीचे फळ नरक. तो मालकिणीला पत्र लिहितो, जिमचा ठावठिकाणा कळवणारे. मग जिमने केलेली माया त्याला आठवते, आणि नरकात जावे लागले तरी बेहत्तर म्हणून तो ते पत्र फाडतो. आपण पाप करतो आहोत अशी त्या पोराची प्रामाणिक समजूत आहे. त्या क्षणी त्याच्याइतका ख्रिस्ताच्या जवळ गेलेला माणूस त्या कादंबरीत दुसरा नाही, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. ‘इतरांना मदत करावी’ या तीन शब्दांत यातले काय उरले? मदत करणे हेच जिथे पाप मानले जात होते, तिथली ही गोष्ट आहे.

पाच वर्षांच्या मुलाला हे कसे सांगणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मग ही गोष्ट पाचव्या वर्षी सांगूच नये. बाराव्या वर्षी सांगावी. घाई कुणाला आहे?

उघड धर्म सांगणाऱ्या गोष्टीला मी मुळीच बिचकत नाही. मराठी मुलुखाला तिची ओळख जुनी आहे. जॉन बन्यनचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ चे. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला एक माणूस घरदार सोडून स्वर्गीय नगरीकडे निघतो. १८४१ साली हरि केशवजींनी ते ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणले. आपल्या कादंबरीचा इतिहास लिहिणारे या पुस्तकापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. गंमत अशी की हक फिनलाही हे पुस्तक एका घरी चाळायला मिळते, आणि हा माणूस बायकापोरे सोडून गेला कशासाठी, हेच त्याला समजत नाही. दर आषाढात ज्यांच्या गावावरून पालख्या जातात त्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडला नसता. २०१९ मध्ये याच पुस्तकाचे संगणकावर केलेले कार्टूनपट निघाले. तिथे मात्र माझी तक्रार नाही. बन्यनची गोष्ट धर्मासाठीच रचलेली होती. तिच्यातून धर्म काढला तर ओझे घेऊन चालणारा एक दमलेला माणूस तेवढा उरेल.

नारदीय कीर्तनात याची सोय फार शहाणपणाने केलेली आहे. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान रंगले की हरिश्चंद्राच्या जागी हरिश्चंद्र रडतो, निरूपणाच्या सोयीसाठी त्याचे दुःख कुणी कमी करत नाही. आम्ही बँकवाले हुंडी वटवताना व्याज आधीच कापून घ्यायचो. कार्टूनवाले तसे तात्पर्य आधी कापून घेतात आणि उरलेली गोष्ट मुलाच्या हातावर ठेवतात.

साने गुरुजींनी जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’ लिहिले. एका विणकराचे सोने जाते आणि त्याच्या दारात एक पोरके मूल येते. मूळ कादंबरीत चर्च आहे, ख्रिस्ती पंथातली भांडणे आहेत. गुरुजींनी गाव बदलले, माणसांचा पेहराव बदलला, पण त्या माणसाचा एकटेपणा जागचा हलवला नाही. शांताबाई शेळक्यांची ‘चौघीजणी’ तर घराघरांत वाचली गेली. लुइसा मे अल्कॉटच्या मूळ पुस्तकात या चार बहिणी लहानपणी बन्यनचाच खेळ खेळतात, पाठीला गाठोडी बांधून तळघरापासून गच्चीपर्यंत चढतात. म्हणजे ती कादंबरीही ख्रिस्ती शिकवणीतूनच उगवलेली. ती वाचून आपल्याकडच्या कोणत्या मुलीचा धर्म बुडाला? बेथ गेली तेव्हा त्या रडल्या, एवढेच.

या मालिकेचा एक कर्ता फिल व्हिशर याने २०११ मध्ये एका मुलाखतीत जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. दहा वर्षे आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखे वागायला सांगत राहिलो, ख्रिस्ती धर्म मात्र शिकवलाच नाही, असे त्याचे म्हणणे. त्याचे दुःख धर्माचे होते, माझे गोष्टीचे आहे. पण दोघांचाही चोर एकच. चांगले वागा, मदत करा, खोटे बोलू नका : हे सांगायला ना बायबल लागते ना मार्क ट्वेन. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेले असतेच.

तेव्हा पोरांना भाज्या बघू द्या, हसू द्या. ही ख्रिस्ती लोकांची शिकवण आहे, हेही सरळ सांगा. आपल्या सप्ताहात बुवा जसे सांगतात तसेच त्यांचे हे, एवढे पोराला पुरते. आणि चार-पाच वर्षांनी मूळ ‘हकलबेरी फिन’ कपाटात त्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवा. तो पत्र फाडण्याचा प्रसंग त्याला आपण होऊन सापडू दे. तोवर त्यातले काही त्याला सांगू नका.