धरून सोडलेला पक्षी



"पक्षी जाळ्यात धरतात आणि तू नुसती बघत उभी राहिलीस?" मागच्या आठवड्यात जाऊबाईंनी फोनवर विचारलं. प्रश्न लागला, कारण तिथे उभी असताना तो मलाही पडला होता.

माझी लेक हॅम्बुर्गला असते. एप्रिलअखेर ती आणि जावई मला हेल्गोलँड बेटावर घेऊन गेले. कुक्सहाफेनहून बोटीने दोन-अडीच तास. उत्तर समुद्रात लाल दगडाचं, जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट. मोटारी नाहीत. थंडी अशी की दोन स्वेटर, वर शाल आणि कानाला मफलर, तरी बोटं वाकेनात. (सूर्य मात्र साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे चौविहाराची घाई झाली नाही.)

वसंतात आफ्रिकेतून, दक्षिण युरोपातून हजारो पक्षी नॉर्वे-स्वीडनकडे निघतात. यातले बरेचसे रात्री उडतात. समोरून गार वारा आणि पाऊस आला की दमतात आणि आसपास पाण्याशिवाय काहीच नसल्यामुळे या एवढ्याशा बेटावर उतरतात. सकाळी एका भिंतीच्या पायथ्याशी वटवट्या दिसला, माझ्या बुटापासून दोन पावलांवर. वजन नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर. मला वाटलं माणसाळलेला आहे. नव्हता, उडायचं त्राणच नव्हतं. थंडीत किडे दडून बसतात म्हणून बिचारा जमिनीवर शोधत होता. मी पिशवीतले कुरमुरे टाकले. त्याने बघितलंसुद्धा नाही.

"आई, तो दाणे नाही खात," लेक म्हणाली.

गच्चीवर रोज मूठभर ज्वारी टाकणं म्हणजे जीवदया, हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षं पक्कं बसलेलं. त्या पक्ष्याला माझ्या हातून काहीच नको होतं. मी चार पावलं मागे सरकावं, एवढंच हवं होतं. तेवढ्यात दोन कॅमेरेवाले पोटावर सरपटत आले. ते वीतभर पुढे आले की हा फूटभर उडायचा, परत बसायचा, पुन्हा तेच. एका फोटोसाठी त्याची उरलीसुरली ताकद संपवत होते. पायाखालच्या किडामुंगीसाठी आपण ईर्यासमिती सांगतो, ती तिथे कोणी सांगावी?

आता जाळ्याचं. पूर्वी बेटावरचे लोक कस्तूर पक्षी खायला धरत. वरच्या उघड्या माळावर झुडपासारख्या फांद्या रोवून बाजूला जाळं लावायचे. दमलेला पक्षी आडोशाला शिरला की अडकला. 1910 मध्ये हुगो वायगोल्ड यांनी तिथे पक्षी-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं आणि तीच युक्ती वापरली, पण सोडून देण्यासाठी. झुडपांची बाग, नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं जाळं, टोकाला पेटी. पक्षी काढायचा, पंख मोजायचा, वजन करायचं, पायात नंबराचं हलकं कडं घालायचं आणि सोडायचं.

तिथल्या मुलीने कस्तूर हातात धरला होता. त्याची छाती धडधडताना दिसत होती. मला कसंतरीच झालं. भीती ही पीडाच आहे, आणि बी.कॉम. झालेल्या बाईला नावे बाजू लपवून ताळेबंद जुळवता येत नाही. पण जमा बाजूही कोरी नाही. बहुतेक कड्यांचा पुन्हा पत्ता लागत नाही. ज्यांचा लागला त्यांच्यावरून पक्षी कुठे जातात, कुठे थांबतात, किती वर्षं जगतात हे कळलं. ते ठाऊक नसेल तर कुठली पाणथळ जागा बुजवू नका, हे कोण कशाच्या आधारावर सांगणार?

दुपारी बर्फाळ पाऊस सुरू झाला. त्या मुलीने पक्षी हाकणं थांबवलं आणि पेटीचं दार उघडं टाकलं. आज त्यांना खाऊ दे, म्हणाली. तिची यादी त्या दिवशी अर्धीच राहिली.

म्हणून माझं मत असं झालंय: शिकलेल्या हातांनी, कधी थांबायचं हे कळणाऱ्यांनी कडं घालावं. त्यात हिंसा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण हौसेखातर दमलेल्या पाखराच्या मागे लागणं मात्र मला मान्य नाही, मग हातात जाळं नसून कॅमेरा असला तरी.

जाऊबाईंना हे पटलेलं नाही. "पाखराला विचारलंस का?" म्हणाल्या. आता यावर काय बोलणार?