साहेबाच्या विनोदाला हसण्याचा गुन्हा

मला ब्रिटिश विनोदी सिनेमे आणि मालिका मनापासून आवडतात. साताऱ्यात हे वाक्य उच्चारलं की समोरच्याचा चेहरा 'शिंगं फुटली वाटतं' असा होतो. आजोळी सांगलीला तर त्याहून कडक. "पत्री सरकारच्या मुलखातले तुम्ही, आणि इंग्रजांच्या विनोदाला हसता?" हा प्रश्न मला दोन मामांनी आणि आत्याच्या यजमानांनी विचारून झालाय. उत्तर द्यायला लागलो की पानं वाढली जातात आणि विषय तिथंच राहतो. म्हणून हे लेखी उत्तर. (मामा, तुम्ही हा ब्लॉग गुपचूप वाचता हे मला माहीत आहे!)

तर मामा, नाना पाटील आणि त्यांचे सहकारी १९४३ ते ४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात लढले ते इंग्रजी सत्तेशी, तिच्या माजाशी. आणि मी ज्याला हसतो तो विनोद त्याच माजाची टोपी उडवतो. 'फॉल्टी टॉवर्स'चा १९७५ सालचा पहिलाच भाग बघा. हॉटेलमालक बेसिल एका लॉर्डपुढे इतका वाकतो, इतका वाकतो, की बाकी गिऱ्हाइकं त्याला दिसेनाशी होतात. शेवटी लॉर्ड निघतो भामटा! गुलामी मनोवृत्तीची याहून उघडी थट्टा मी तरी पाहिलेली नाही. आणि तुम्ही म्हणता, ते बघणं ही गुलामी मनोवृत्ती.

'येस मिनिस्टर' (१९८०-८४) तर आपल्याच कचेऱ्यांत बसून लिहिलंय असं वाटतं. एका भागात नवंकोरं सरकारी इस्पितळ आहे, कर्मचारी ५००, पेशंट शून्य. वर ते सर्वांत स्वच्छ इस्पितळाच्या बक्षिसासाठी शर्यतीत! स्वच्छ असणारच, घाण करायला आजारी माणूस नको? सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला ज्यानं एकदा तरी हेलपाटे घातलेत त्याला सर हम्फ्री परका वाटणार नाही. आणि हे दाखवलं कुणी? बीबीसीनं, जिची लायसन्स फी सरकारशी बोलूनच ठरते. पंतप्रधान थॅचरबाईंची ती आवडती मालिका होती. आपल्याकडे असं काही झालं असतं तर आधी कुणाच्या तरी भावना दुखावल्या असत्या, मग काचा फुटल्या असत्या.

दुसरा आरोप 'उसन्या' हसण्याचा. सांगलीकरांनी तो करावा म्हणजे कमालच. गोविंद बल्लाळ देवल कुठले? हरिपूरचे. सांगलीतून चालत जाता येईल इतकं जवळ. 'संशयकल्लोळ' ज्यावर बेतलंय ते आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' लंडनमध्ये १७६१ साली रंगलं होतं, आणि मर्फीनं ते मोलिएरवरून घेतलं होतं. देवलांनी आधी ते गद्यात केलं, 'तसबिरीचा घोटाळा', आणि १९१६ साली त्याचं संगीत नाटक आलं. तेव्हा साहेब अजून डोक्यावर बसलेला होता. पण देवलांना कुणी हरिपूरचे इंग्रज म्हटलं नाही. फाल्गुनराव आपल्या वाड्यातलाच झाला. अत्र्यांची 'मोरूची मावशी' तशीच, मूळ 'चार्लीज आंट'. मामा, तिला टाळ्या वाजवताना तुम्हाला पत्री सरकार आठवलं होतं का?

एका बाबतीत मात्र तुमची बाजू खरी. 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४-८१) नावाची मालिका आहे, तिचे सुरुवातीचे भाग चक्क आपल्या देवळालीच्या छावणीत घडतात. त्यातला हिंदी नोकर रंगीराम झालाय एक गोरा नट, तोंडाला रंग फासून. मी दोन भाग पाहिले आणि बंद केलं. तिथं हसू दुबळ्यावर आहे, वरच्यावर नाही. पण हेच आपल्या विनोदाला लावून बघा की! आपल्या पडद्यावर गडी, मोलकरीण, जाडी बाई, बायकी पुरुष यांच्यावर किती हशा वसूल केला जातो? त्यावर कुठल्या मामांनी पान सोडून उठल्याचं मला आठवत नाही.

असो. माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. २००१ साली 'येस मिनिस्टर' हिंदीत आली, 'जी मंत्रीजी' म्हणून, फारुख शेख मंत्री. चांगली होती. पण आपल्या मंत्र्यांना हसायला संहिता लंडनहून आणायची? मराठीत 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९) सारखे मोजके सिनेमे सोडले तर मंत्रालय, झेडपी, साखर कारखाना हा सगळा माल नुसता पडून आहे. कारखान्याच्या वार्षिक सभेत सगळे विषय दहा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' करून उठतात, यावर एक भाग लिहायला कितीसा खर्च येतो? 'फॉल्टी टॉवर्स'चे भाग अवघे बारा. आपली सासू-सून तेवढे भाग दोन आठवड्यांत उडवते, आणि साखरपुडा तरीही होत नाही.