नाव आहे, पण कंसात

माहेरच्या जमिनीचा विषय निघाला की भाऊ सातबारा पुढे करतो. ‘हे बघ ताई, तुझं नाव आहे की!’ ताई नाव बघते, तिचं समाधान होतं. नावाला कंस आहे, हे तिच्या लक्षात येत नाही. सातबाऱ्यावर कंस केलेलं नाव म्हणजे फेरफाराने कमी झालेलं नाव. काही उताऱ्यांत त्यावर आडवी रेघही असते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या 15 रुपयांत निघतो. उतारे काढणारे वाढले; वाचणारे तेवढे वाढले, असं वाटत नाही. पीककर्जापुरता तो बँकेत द्यायचा कागद, एवढीच बहुतेकांची ओळख.

खरं तर हे दोन नमुने आहेत. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते, बारामध्ये पिकं. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. 0.80.00 म्हणजे 80 आर, साधारण दोन एकर. पण खरी मेख ‘इतर अधिकार’ या रकान्यात. बँकेचा बोजा, कुळाची नोंद तिथे असते आणि कित्येकदा बहिणींची नावंही तिथेच. म्हणजे नाव कुठे आहे, हेही पाहायला हवं.

कंस दिसला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. नावाजवळचा फेरफार क्रमांक घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल काढा. नाव खरेदीखताने कमी झालं, वाटणीने की हक्कसोडपत्राने, ते तिथे कळतं. ‘बँकेच्या कामाला सही हवी’ म्हणून घेतलेली सही कशावर होती, हेही तिथेच उलगडतं. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. त्यातली नोंद चुकीची आहे, हे सिद्ध करता येतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती 2005 साली झाली आहे.

शाळेत आपण मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला शिकलो, सातबारा वाचायला नाही. पण सगळा दोष वाचणाऱ्याच्या माथी कशाला? कंसाचा अर्थ सांगणारी एक ओळ उताऱ्याच्या तळाशी छापायला कितीशी शाई लागेल?

नव्या नमुन्यात तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते. तिथे ‘नाही’ऐवजी क्रमांक दिसला, तर त्याच दिवशी तलाठ्याकडे चौकशी करा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला 15 दिवसच मिळतात.