उंचीचें वेड

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर रेडवूडचें अरण्य पाहावयास जाणाऱ्यांत एक वर्ग असा आहे कीं, ज्याला अरण्याशीं कर्तव्य नसतें. त्याला उच्चांक हवा असतो. २००६ सालीं तेथें सुमारें ११५ मीटर उंचीचा 'हायपेरियन' वृक्ष सांपडला. त्याचें स्थान गुप्त ठेवलें होतें, तेथवर पायवाटही नाहीं. तरी लोक झाडोरा तुडवीत पोंचलेच. बुंध्याभोंवतालचे नेचे नाहींसे झाले, आणि २०२२ सालीं राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांस तो भाग बंद करावा लागला.

"सार्वजनिक अरण्यांतील आश्चर्य लोकांपासून कां लपवावें?" असा आक्षेप यावर घेतला जातो. पण पाहण्याच्या हक्कांत तुडविण्याचा हक्क येत नाहीं. शिवाय या मंडळींनीं पाहिलें तरी काय? बुंध्याशीं उभें राहणाऱ्यास शेंडा दिसतच नाहीं!

खरें वैभव आंखलेल्या वाटेवरूनच दिसतें, आणि तेंही धुक्यांत. तेथील उन्हाळा कोरडा. समुद्रावरून आलेलें धुकें वृक्षांच्या पानांवर सांचतें, थेंबथेंब गळतें आणि उथळ मुळांना पाणी पाजतें. त्याच मुळांवरची माती हे उत्साही लोक दडपून टाकतात. त्याच ओलाव्यावर तलवारीच्या आकाराचे नेचे वाढतात, आणि आपल्या आंबुटीची बहीण शोभणारी रेडवूड-आंबुटीही; कडक ऊन पडतांच ती आपलीं तिन्ही दलें छत्रीसारखीं मिटून घेते. हें पाहण्यास खालीं वांकावें लागतें. ज्यास त्यांत कमीपणा वाटतो, त्यानें स्वतःस वनशोभेचा रसिक म्हणवूं नये.